द्राक्ष न चाखलेला मदतनीस

विद्यार्थी मित्रांनो, एक खेळ खेळू या. ‘नाशिकची द्राक्षे फार...’ हे वाक्य पुरे करा पाहू! ‘गोड’ म्हणालात ना? कारण आजवर तुम्ही तसेच ऐकले, वाचले आहे.

कचेऱ्यांत आलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीसही असेच करतो. पूर्वी वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द संभवतो, याचे गणित मांडून तो शब्दाला शब्द जोडत जातो. पत्र असो वा टिपण, थोड्याच वेळात तयार! डिसेंबर २०२५ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो व कॉग्निझंट या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘कोपायलट’ या मदतनीसाचे प्रत्येकी ५०,००० हून अधिक परवाने घेणार, असे जाहीर झाले.

पण समजा, यंदा ढगाळ हवेमुळे तुमच्या मळ्यातल्या घडांत गोडी कमी भरली. तुम्ही सांगितले नाही, तर मदतनीस ‘गोड’च लिहील. त्याने द्राक्ष कुठे चाखले आहे? सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात सुट्या भागाचे माप असेच अंदाजाने लिहिले गेले, तर सारा माल वाया जाईल!

म्हणून माप पट्टीवर ताडून पाहणारा माणूस हवाच. उद्या त्या खुर्चीवर तुम्ही बसाल. मित्रांनो, ज्याला विषय येतो, त्यालाच चूक दिसते.