घरातील वस्तूंची नावे हातांनी सांगा

मूल ऐकत नाही हे निश्चित झाले की आईवडील पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, हा बोलेल केव्हा?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो बोलू लागेपर्यंत आपल्याला तहान लागली आहे हे त्याने सांगायचे कसे, याचाही विचार व्हायला हवा.

ऐकू येणारे मूल दिवसभर कानावर पडणाऱ्या शब्दांतून भाषा उचलते. वाटी, चप्पल, दिवा हे शब्द त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. कर्णबधिर मुलाला ही वाट बंद असते. अशी बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे सांकेतिक भाषा घरात कोणालाच येत नसते. भाषा शिकण्याची पहिली पाच वर्षे अशीच गेली, तर पुढे वाचन आणि अभ्यासही मागे पडतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक पाच वर्षांची मुलगी रडत आली. पोट दुखते की कान, हे तिला सांगता येईना. आई म्हणाली, "खुणा शिकवल्या तर ही बोलायचीच नाही, असं सगळे म्हणतात." हा गैरसमज फार पसरलेला आहे. खुणांमुळे बोलणे खुंटते, याला शास्त्रीय आधार नाही. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, वाचा-उपचार हे सर्व तज्ज्ञांच्या सल्ल्याने जरूर करावे. खुणा त्याच्या आड येत नाहीत.

सुरुवात घरापासून करावी. रोज हाताळल्या जाणाऱ्या दहा वस्तू निवडा: पाणी, दूध, पोळी, ताट, चप्पल, कपडे, अंथरूण, दिवा, चेंडू, पुस्तक. मुलाच्या समोर, उजेडात बसा. त्याची नजर आपल्याकडे वळल्यावर वस्तू दाखवा, खूण करा, आणि मगच वस्तू त्याच्या हातात द्या. तोंडाने शब्दही म्हणा. काही खुणा सहज लक्षात राहतात. जोडलेले तळवे उघडले की पुस्तक, दोन्ही हातांची बोटे छपरासारखी टेकवली की घर. नावांबरोबर 'हवे', 'नको', 'संपले', 'दुखते' हेही शिकवा.

मूल स्वतःच्या काही खुणा तयार करते. त्याबद्दल रागावू नका. मात्र त्या घराबाहेर कोणाला कळत नाहीत. म्हणून त्यांच्या जोडीला भारतीय सांकेतिक भाषेतील खुणा शिकाव्यात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2018 मध्ये 3,000 शब्दांचा चित्रफितींचा कोश काढला. 2021 च्या आवृत्तीत 10,000 शब्द झाले. तो मोबाईलवरही पाहता येतो. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे श्रवण व वाचा यांविषयी तपासणी आणि मार्गदर्शन मिळते.

एक सूचना सर्वच पालकांना. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, शंका आल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी. "आमच्याकडे सगळीच उशिरा बोलतात" म्हणून थांबू नये.

आणि खुणा आजीआजोबा, काका, शेजारची मुले या सर्वांनी शिकाव्यात. एकट्या आईलाच त्या येत असतील, तर ती बाजाराला गेली की तेवढा वेळ मुलाशी बोलणारे घरात कोणी उरत नाही.