नसलेली पिन

पालखीच्या दिवशी विश्रांतवाडीतून कुठं जायचं म्हणजे पायीच. माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे येते, आळंदी रस्ता गाड्यांना बंद होतो आणि टाळ-मृदंगाचा आवाज घरात बसल्या जागी ऐकू येतो. दर्शन घेऊन परतलो, तर भाची हॉलमध्ये फरशीवर फतकल मारून बसलेली आणि पुढ्यात संगणकाचं उघडं कॅबिनेट. प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, सगळं तिनं एकटीनं बसवलं होतं. अडली होती ती कॅबिनेटच्या पुढच्या भागातून आलेल्या वायरींच्या झुपक्यावर.

"मामा, एवढं सगळं बसलं आणि या चिल्लर वायरींनी दमवलं बघ."

मोबाइलचा टॉर्च धरून आम्ही दोघं वाकलो. मदरबोर्डाच्या खालच्या कडेला पाच-पाचच्या दोन रांगांत सोनेरी पिना उभ्या असतात. दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. तीळ मावेल इतकंच. वायरींच्या टोकाला काळी, दोन छिद्रांची टोपणं असतात आणि त्यांवर पांढऱ्या बारीक अक्षरांत नावं: पॉवर स्विच, रीसेट, पॉवर एलईडी, हार्ड डिस्कचा एलईडी.

"यातली पॉवरची उलटी लागली तर बोर्ड उडेल का?"

नाही उडणार. उलट-सुलट कशीही लावली तरी चालते, कारण त्या वायरीतून संगणकाला वीज मिळतच नाही. मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. पूर्वीच्या एटी पद्धतीच्या संगणकांत एसएमपीएसमधून एक जाड केबल कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत यायची आणि घरातली २३० व्होल्टची वीज खरोखर त्या बटणातून फिरायची. बटण दाबलं की दिव्याच्या बटणासारखा खट्ट आवाज व्हायचा. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स मांडणी आणली आणि बटणाकडचं ते काम गेलं. आता बटण फक्त दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवतं. दोन पिना टेकवायच्या एवढंच असेल, तर त्यात उलटं काय आणि सुलटं काय!

पालखीच्या मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड उंच धरतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. दंडानं काही ढकललेलं नसतं, पण सगळ्यांची नजर त्याच्यावर असते. संगणकाच्या बटणाचंही तसंच. त्याच्याकडे लक्ष ठेवून कुणीतरी सतत जागं असतं. संगणक आपल्या लेखी बंद असतो तेव्हाही एसएमपीएस एका जांभळ्या वायरीतून बोर्डाला पाच व्होल्ट पुरवत राहतो. त्या शिदोरीवर बोर्डाचा एक छोटा भाग रात्रंदिवस पहारा देतो. पिना टेकल्या की तो हिरव्या वायरीवरचा दाब शून्यावर खेचतो, आणि एसएमपीएसनं उठायचं ते या खुणेवर. पुरवठा स्थिर झाला की एसएमपीएस राखाडी वायरीवरून 'ठीक आहे' असं कळवतो. त्यासाठी त्याला सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ दिलेला असतो. तोवर प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. मग तो सुटतो आणि पहिली आज्ञा वाचायला ४ जीबीच्या सीमेच्या फक्त १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावर जातो. दर वेळी तिथंच.

किती वेळ दाबलं यालाही अर्थ आहे. चालू संगणकाचं बटण नुसतं दाबून सोडलं तर ती विनंती ठरते, काय करायचं ते विंडोज किंवा लिनक्स ठरवते. चार सेकंद दाबून धरलं तर मात्र बोर्ड कुणालाही न विचारता वीज तोडतो.

तारेतून निरोप धाडायची ही युक्ती पुण्याला नवी नाही. १९८८ साली इथं सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्यातल्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते. एकटी चिप काही महासंगणक नव्हती. दुव्यांवरून एकमेकींना निरोप देत त्या सगळ्या मिळून मोठं गणित सोडवायच्या.

भाचीनं तोवर दुसरीच गोष्ट हेरली. "मामा, इथं दहाच्या जागी नऊच पिना आहेत. एक तुटली की काय?"

तुटलेली नाही, मुद्दामच वगळलेली आहे. आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी! बटणं-दिव्यांच्या जुडग्यात दहावी पिन नसते, यूएसबी २.० च्या जुडग्यात नववी, आवाजाच्या जुडग्यात आठवी. यूएसबी ३.० चं जुडगं वीस जागांचं, त्यात विसावी नाही. यूएसबी आणि आवाजाच्या केबलींच्या टोपणात नेमकं तेच छिद्र बुजवलेलं असतं. त्यामुळे आवाजाची केबल यूएसबीवर बसवायला गेलात, तर तिचं बुजलेलं आठवं छिद्र तिथल्या हजर असलेल्या आठव्या पिनेवर आदळतं आणि ती बसत नाही. तिथं चूक झाली असती तर पाच व्होल्ट भलत्या ठिकाणी गेले असते. एक पिन गाळून केवढं रक्षण साधलंय! भाचीनं दोन्ही टोपणं डोळ्यांजवळ धरून ती बुजलेली छिद्रं शोधून काढली, तेव्हा तिच्याइतकाच मीही हरखलो.

बटणांच्या आणि दिव्यांच्या सुट्या टोपणांना असा पहारा नाही, कारण तिथं सहसा नुकसान होत नाही. एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते. उलटा लावला तर तो पेटत नाही, एवढंच. काही टोपणांवर इवलासा त्रिकोण असतो, ती अधिकची बाजू. खरं सांभाळायचं ते रंगीत दिव्यांच्या केबलींना: बारा व्होल्टच्या चार पिनांवर पाच व्होल्टची तीन पिनांची पट्टी कशीबशी खुपसली, तर दिवे जळतात.

वायरी लावायच्या आधी मी तिला एक गंमत करायला सांगितलं. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अलगद टेकवायचं. तिनं श्वास रोखून टेकवलं. पंखे फिरले, आणि ती किंचाळलीच. बटण नाही, काही नाही, आणि यंत्र जागं! चार सेकंद टेकवून धरून तिनं ते पुन्हा निजवलं.

मग मागची विजेची केबल काढून तिनं एक-एक टोपण बसवलं. पुन्हा चालू केलं तर पॉवरचा दिवा लागेना. पुन्हा बंद करून तिनं तेवढं टोपण फिरवलं, आणि कॅबिनेटच्या कपाळावर निळा ठिपका उमटला.

झाकण लावायला म्हणून तिनं संगणक बंद केला, एसएमपीएसचं मागचं बटण पाडलं आणि हात तसाच थांबवला. बोर्डावरचा एक बारका दिवा अजून पेटलेलाच होता. "आता वीज कुठून येतेय?" कपॅसिटरांत थोडी साठून राहिलेली असते, मी म्हणालो. पुढचं बटण दाब. तिनं दाबलं. पंख्यांनी अर्धी गिरकी घेतली, आणि दिवा हळूहळू मंदावत विझला.