ताप नाही, पण श्वास मोजलात का?

म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया मोठा लबाड असतो. लहान मुलाला झाला तर ताप फणफणतो, खोकल्याने सगळं घर जागं होतं. सत्तरीच्या पुढे मात्र बऱ्याचदा अंग गरमही लागत नाही. जेवण सुटतं, झोप वाढते, चालताना तोल जातो, बोलण्यात विसंगती येते. आपण म्हणतो, 'वय झालं आता, चालायचंच!'

मी कात्रजला राहते, घाटाच्या पायथ्याशी. सातारा, भोरकडून पुण्यात येणाऱ्या कितीतरी ॲम्ब्युलन्स आमच्या चौकातून जातात. पेशंटला कधी हलवायचं, हा निर्णय बहुतेक वेळा त्याच्या उशाशी बसलेल्या बाईच्या सांगण्यावरच होतो. म्हणून मैत्रिणींनो, हा हिशेब आपल्याला यायलाच हवा.

गेल्या डिसेंबरात माझ्या सासूबाई (वय ७८) संध्याकाळी सहा वाजता सकाळचा चहा मागू लागल्या. ताप जेमतेम ९९. फॅमिली डॉक्टर घरी आले. त्यांनी "आजी, आज वार कोणता?" असं विचारलं, मिनिटभर श्वास मोजले, बीपी घेतलं आणि म्हणाले, "तीन गुण झाले. आजच ॲडमिट करा."

हे गुण कसले? २००३ साली ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या १०६८ रुग्णांवरून एक सोपी मोजणी ठरली. तिचं नाव 'कर्ब-६५'. वय ६५ किंवा जास्त, नव्याने आलेला गोंधळलेपणा, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी, आणि रक्तात वाढलेला युरिया. प्रत्येकाला एक गुण. युरियाला लॅब लागते, बाकीचं घरी कळतं. आपल्या आजीआजोबांचा वयाचा एक गुण आधीच धरलेला असतो. त्यात एकाची जरी भर पडली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तीन झाले तर थांबायचंच नाही, १०८ ला फोन करायचा.

त्या अभ्यासात शून्य-एक गुण असलेल्यांपैकी शेकडा दीड, दोन गुणांचे ९ आणि तीन किंवा अधिक गुणांचे २२ रुग्ण महिनाभरात दगावले. म्हणजे तीनच्या पुढचेही बहुतेक जण वाचले! गुण घाबरण्यासाठी नसतात, घाई किती करायची ते सांगतात.

या मोजणीत ऑक्सिजन धरलेला नाही. २०२० च्या कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढा. ९४ च्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना कळवा, ९० च्या आसपास असेल तर सरळ हॉस्पिटल. बोटं गार असतील किंवा नखांना नेलपॉलिश, मेंदी असेल तर आकडा फसवतो. गुण कमी असूनही पाणी, गोळ्या पोटात ठरत नसतील किंवा आजी घरी एकट्याच असतील, तरी घरी ठेवणं धोक्याचं.

"वाचतील ना हो?" मी हॉस्पिटलमध्ये विचारलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उलट विचारलं, "पंधरा दिवसांपूर्वी स्वतःचं काय काय करत होत्या?" आंघोळ, देवपूजा, भाजी निवडणं, सगळंच! "मग आशा चांगली आहे," त्या म्हणाल्या. आधीची ताकद, मधुमेह, हृदय, मूत्रपिंडाचं दुखणं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

आठ दिवसांनी सासूबाई घरी आल्या, पण पहिल्यासारख्या व्हायला तीन महिने लागले. खोकला दीड महिना रेंगाळला. थकवा तर त्याहून जास्त. हे अपेक्षितच असतं. मात्र पुन्हा धाप लागली, जेवण तुटलं तर परत दाखवायचं. आता फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने, असं आम्ही ठरवलंय.

आजच घरातल्या आजीआजोबांचे श्वास, त्या शांत बसलेल्या असताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. बरं असतानाचा आकडा माहीत असला, तर बिघडलेला लगेच ओळखू येतो.