स्वसंरक्षणाची विद्या : लेखांक चौथा – डाव आणि तोड

लाठी, फरीगदगा आदी शस्त्रविद्यांचा विचार करताना गेल्या लेखांकात आपण असे पाहिले की, जे शस्त्र प्रसंगी हाताशी असण्याचा संभव नाही, त्यावरील प्रभुत्व कितीही स्पृहणीय असले तरी वाटेत गाठणाऱ्या दांडगटापुढे ते कामास येत नाही. आता रिक्तहस्त विद्यांकडे वळावयाचे. कराटे, ज्यूदो, मुष्टियुद्ध, कुस्ती यांत श्रेष्ठ कोणती, असा सवाल येथे हटकून केला जातो; परंतु विद्येच्या नावापेक्षा तिचा सराव कसा होतो, याची चौकशी आधी करणे इष्ट.

जिगोरो कानो या एकवीस वर्षांच्या तरुणाने १८८२ साली तोक्योतील एइशोजी मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, ज्यूदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतील मुष्टिप्रहार, लत्ताप्रहार असे घातक प्रकार त्याने मोकळ्या झुंजीतून वगळून ‘काता’ नामक ठरीव पाठांपुरते राखले. वरवर पाहता ही विद्येची काटछाट. पण गोम अशी की, जो डाव गड्याला जायबंदी केल्यावाचून पुरा होत नाही तो रोज पूर्ण बळानिशी आजमावता येत नाही, आणि जो आजमावलेला नाही तो ऐन वेळी अंगातून निघत नाही.

आमच्या तालमींत हाच शिरस्ता आहे. लाल मातीच्या हौद्यात एकेरी पट शिकलेला पोरगा त्याच दिवशी त्या पटाची तोड जाणणाऱ्या जोडीदाराशी खडाखडीला उभा राहतो, तोंडात माती जाते, दम उखडतो, आणि डाव आपला झाला की नाही याचा निवाडा वस्तादाने बोलण्यापूर्वीच झालेला असतो. अर्थात कुस्तीगिराला ठोसा खाण्याची सवय नसते, आणि दोघे चालून आले असता एकाशी जमिनीवर गुंतून पडणे प्राणावर बेतते. ही उणीव मुष्टियुद्धाच्या सरावाने पुष्कळ अंशी भरून निघते.

साधे उदाहरण घ्या. कोणी मनगट धरले असता त्याची चार बोटे एका अंगास व अंगठा एकटा दुसऱ्या अंगास असतो; म्हणून अंगठ्याच्या फटीकडे हात वळवून हिसका दिला की तो सुटतो. हे ज्ञान घटकाभरात होते. परंतु धरणारा मनापासून आवळू लागला, खेचू लागला, दुसऱ्या हाताने गळपट्टीस झोंबला, म्हणजे त्या ज्ञानाची त्रेधा उडते. म्हणून वर्गात नाव घालण्यापूर्वी तासभर कडेला बसून पाहावे : जोडीदार विरोध करतो की वस्तादाच्या बोटासरशी लोळण घेतो? दुसरा प्रकार आढळल्यास फीचे पैसे खिशातच ठेवावेत.

कायद्याचा मुद्दाही येथे गौण नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात; परंतु बचावास अवश्य तेवढीच इजा करावी, अशी मर्यादा कलम ३७ घालते. हल्लेखोर पळत सुटल्यावर मागाहून घातलेला फटका बचावाच्या सदरात बसणे कठीण. जिला बळ आवरता येते अशी विद्या म्हणूनच अधिक श्रेयस्कर. आणि आवरणेही झुंजीच्या सरावानेच येते.

पुढील लेखांकात, जी कोणत्याही तालमीत क्वचितच शिकवली जाते त्या विद्येचा, म्हणजे वेळीच काढता पाय घेण्याचा, विचार करू.