म्हाताऱ्या मांजराची ‘खोड’

किल्लारीच्या जुन्या दगडमातीच्या घरांभोवती मांजरास उकरावयास माती असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या घरात मांजर कोंडून ठेवावयाचे, तर वाळूचे घमेले हीच त्याची माती होय. म्हातारपणी ते घमेले सोडून कोपऱ्यात घाण करू लागले की, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ‘खोड’ म्हणजे जन्माची सवय. दहा वर्षे नीट वागलेल्या प्राण्याचे नवे वर्तन खोड कसे ठरेल? ते बहुधा दुखणे असते आणि दुखण्यास खोड म्हटले की उपचाराचा विचारच थांबतो.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत १२ वर्षांवरील १०० मांजरांपैकी ९० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली. अशा मांजरास घमेल्याची उंच कड ओलांडणे जड जाते. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास लघवी वाढते. मूत्राशयास सूज आल्यास होणाऱ्या वेदनेचा संबंध मांजर घमेल्याशीच जोडते. म्हणून शिक्षा न करता उथळ भांडे व मऊ वाळू द्यावी आणि पशुवैद्याकडून तपासणी करवून घ्यावी. बोका कुंथत असूनही लघवी होत नसेल, तर मात्र तत्काळ पशुवैद्य गाठावा. तेथे विलंब प्राणघातक ठरतो.