नव्या संगणकाचे मौन

सुटे भाग विकत आणून घरच्या घरी संगणक जोडण्याची हौस आता आपल्या बडोद्यातल्या तरुण मंडळींतही चांगलीच पसरली आहे. सात-आठ खोकी घरी येतात, रविवारची सबंध दुपार खर्ची पडते, आणि दिवेलागणीच्या सुमारास सारे घर भोवती जमले असता बटण दाबले जाते. पुढे काहीच घडत नाही. आई म्हणते, "तयारच आणायचा होता." वडील पावत्या शोधू लागतात. आणि ज्याने तो जोडला त्याचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकल्यासारखा होतो.

अशा घरांसाठी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. कारण न सुरू होणाऱ्या नव्या संगणकात एखादा भाग खरोखर निकामी निघाला असे क्वचित होते. एखादी केबल लावायची राहिलेली असते, नाहीतर एखादा भाग खाचेत पुरता बसलेला नसतो. दोष लहान असतो, आणि घाबरून केलेली धावपळ मात्र महागात पडते.

'संगणक चालू होत नाही' हे वाक्यच मुळी अपुरे आहे. वैद्याकडे जाऊन नुसते 'बरे वाटत नाही' म्हणावे, तसे ते आहे. संगणकाच्या मौनाचे चार प्रकार आहेत. आपल्यापुढचा प्रकार कोणता, हे आधी ठरवावे.

पहिला प्रकार संपूर्ण मौनाचा. पंखा हलत नाही, दिवा लागत नाही. येथे शोध भिंतीपासून सुरू करावा. प्लगात वीज आहे का? पॉवर सप्लायच्या पाठीमागचा छोटा खटका चालू आहे का? मदरबोर्डला वीज देणारी २४ पिनांची जाड केबल शेवटपर्यंत दाबली गेली आहे का? ही केबल बसवायला बराच जोर लागतो, आणि नवखा माणूस बोर्ड मोडेल या भीतीने हात आखडता घेतो. त्यानंतर पाहायच्या त्या कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक तारा. हे बटण दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, याहून अधिक काही करीत नाही. म्हणून माहितीपुस्तिकेत त्या दोन पिना नेमक्या कोणत्या ते पाहून त्यांना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक क्षणभर एकदम टेकवावे. यंत्र सुरू झाले, तर दोष बटणात किंवा त्याच्या तारांत आहे.

दुसरा प्रकार असा की पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. पुष्कळदा याचा अर्थ, कोठेतरी वीज भलत्या वाटेने जात आहे आणि पॉवर सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत आहे. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट ठेवायचा नसतो; तो पितळेच्या छोट्या खुंट्यांवर उभा असतो. जेथे बोर्डाला भोक नाही तेथे एखादी जादा खुंटी राहिली किंवा एखादा स्क्रू मागे घरंगळला, तर हा प्रकार घडतो. उपाय सोपा आहे. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि पॉवर सप्लाय एवढ्यावरच चालवून पाहावा. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीतून येतो तिच्यावर मात्र तो ठेवू नये. तिच्या बाहेरच्या अंगातून वीज वाहू शकते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पंखे फिरतात, दिवे लखलखतात, पण पडदा काळाच. येथे आधी पाहावे की मॉनिटरची केबल कोठे लावली आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल तर केबल त्या कार्डाला लावायची, मदरबोर्डाला नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात चित्र काढण्याची सोयच नसते. तेथे कार्डावाचून पडदा कधीच उजळणार नाही.

मग पाहावी प्रोसेसरची स्वतंत्र वीज. १९९५ साली इंटेलने संगणकाच्या मांडणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात ही वेगळी केबल नव्हती. पुढे प्रोसेसरांची भूक वाढली आणि २००० साली त्यांच्यासाठी ४ पिनांची निराळी केबल आली. आज ती बहुधा ८ पिनांची असते. तिची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या आड असते. त्यामुळे ती राहून जाते, आणि बाकी सारे दिवे लागत असल्याने संशयही येत नाही.

पूर्वी यंत्र स्वतःच बोलून दाखवत असे. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. सुरू होताना तो स्वतःची तपासणी करी आणि सर्व ठीक असल्यास एकदाच आखूड 'बीप' वाजवी. दोष असेल तर आवाजांची घडण बदले. मला ही योजना फार आवडते. कान तयार असलेल्या माणसाला रोग सुरावरून कळावा, ही कल्पनाच सुंदर आहे. आजच्या पुष्कळ बोर्डांबरोबर तो छोटा भोंगा येत नाही. त्याऐवजी कडेला चार बारीक दिवे असतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशी त्यांची नावे बोर्डावरच छापलेली असतात. जो दिवा लागून राहील, तेथे तपासणी अडली असे समजावे.

चौथा प्रकार खरे म्हणजे दोषच नव्हे. पडद्यावर अक्षरे येतात आणि बूट करण्याजोगी डिस्क मिळत नाही अशी तक्रार दिसते. नव्या डिस्कवर अजून कार्यप्रणाली घातलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. जोडणी साधली आहे. पेढे वाटायला हरकत नाही.

आता एका घरची हकीकत सांगतो. माझ्याकडे हार्मोनियम शिकणाऱ्या एका मुलाच्या आजोबांनी जुन्या घरगुती बैठका कॅसेटींवर उतरवून ठेवल्या होत्या. या शहरात अशा कॅसेटी किती माळ्यांवर पडून असतील, कोण जाणे! फितीवरचा चुंबकीय थर वर्षे लोटतात तसा खराब होत जातो, आणि तो गेला की त्यावरचा गवई दुसऱ्यांदा जातो. ते गाणे वेळीच संगणकात उतरवून घ्यावे म्हणून या मुलाने शिकवण्यांचे पैसे साठवून यंत्र जोडले. पंखे फिरले, पडदा काळा. एका दुकानदाराने फोनवरूनच निदान केले: "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." म्हणजे आणखी कित्येक महिन्यांच्या शिकवण्या.

आम्ही पुस्तिका उघडून बसलो. चार दिव्यांपैकी रॅमचा दिवा लागून राहत होता. दोन्ही पट्ट्या काढल्या. एकीच्या टोकाचा खटका बसलाच नव्हता. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबली आणि बटण दाबले. तरीही काळोखच. अर्ध्या मिनिटात त्याचा हात पुन्हा बटणाकडे गेला; मी तो धरला. कारण २०२१ पासून बाजारात आलेली डीडीआर-५ जातीची रॅम पहिल्या वेळी आपला मेळ जमवायला वेळ घेते, कधी काही मिनिटेसुद्धा. मध्येच वीज तोडली की सारे पुन्हा पहिल्यापासून. तंबोरा लावणाऱ्याला कोणी दर अर्ध्या मिनिटाला उठवले, तर तंबोरा लागेल कसा? आम्ही चहा घेतला. चहा संपण्याआधी पडदा उजळला. मदरबोर्डाला काहीही झालेले नव्हते.

या सगळ्यातून एक नियम हाती लागतो. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहून ठेवावा. तंबोऱ्याची जवारी बोलत नसेल तर आपण चारही तारा एकदम बदलत नाही. एकेका तारेखालचा दोरा तसूभर सरकवून ऐकतो. जो तीन गोष्टी एकदम बदलतो, त्याचे यंत्र सुरू झाले तरी दोष कशात होता हे त्याला कळत नाही.

एवढे करूनही मौन सुटले नाही, तर बोर्डावरची ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी, वीज तोडून, काही मिनिटे काढून ठेवावी म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातात. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बोर्डाचा बायॉस त्याला ओळखतो का, हे कंपनीच्या यादीत पाहावे. प्रोसेसर काढलाच, तर खोबणीतल्या बारीक पिनांपैकी एखादी वाकली आहे का, हे उजेडात निरखावे. त्यांना बोट मात्र लावू नये. यानंतरच एखादा भाग दुसऱ्याच्या चालू यंत्रात लावून पाहावा आणि मग दुकानाची पायरी चढावी.

दोन पथ्ये पाळावीत. प्रत्येक वेळी हात घालण्याआधी वीज तोडावी आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरू द्यावी. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही त्याच्या पोटात जिवावर बेतेल इतका भार साठलेला राहू शकतो.

मुके यंत्र पाहून दुकानदाराच्या एका वाक्यावर पैसे मोजणे सोपे असते. पण पुस्तिका, वही आणि थोडा धीर एवढ्यावर पुष्कळांचे पैसे वाचतील. आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी आहेत, त्यांनी तर यंत्र अडले म्हणून थांबूच नये. यंत्र पुन्हा जोडता येते; पुसलेला सूर पुन्हा जोडता येत नाही.