निवडुंगाच्या बियांचे तेल

फड्या निवडुंगाचे बोंड हाताने तोडण्याचा खटाटोप ज्याने केला असेल, त्याला दाह म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. बोंडावरची बारीक कुसळे बोटांत शिरतात. ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. हीच चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे २,००० वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली आहेत. गंमत अशी, की या फड्याच्याच एका भाईबंदाच्या बियांचे तेल आज दाहशामक म्हणून विकले जाते, आणि तेही भारी किमतीला!

हा निवडुंग मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ हा शब्द असला, तरी तो आपल्या देशाचा नव्हे. कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिकेलाच तेव्हा ‘इंडीज’ म्हणत. स्पॅनिश लोकांमार्फत तो भूमध्य समुद्राकाठी पोहोचला. मोरोक्को व ट्युनिशियात याच्या फळांतील बिया धुऊन, वाळवून यंत्राने दाबतात. बी कठीण आणि तेल थोडे. एक लिटर तेलासाठी सुमारे एक टन फळे लागतात. तेल महाग आहे ते मुख्यतः यामुळे.

आता त्याच्या घटकांकडे पाहू. या तेलात मेदाम्लांपैकी शेकडा ६० च्या आसपास लिनोलेइक अम्ल असते. त्याच्या रेणूत १८ कार्बन अणू व दोन द्विबंध असतात. पण आपल्या करडईच्या तेलात हेच अम्ल शेकडा ७५ पर्यंत असते! शिवाय आपले शरीर लिनोलेइक अम्लापासून अ‍ॅराकिडोनिक अम्ल तयार करते, आणि दाह वाढविणारी प्रोस्टाग्लँडिने याच अम्लापासून बनतात. तेव्हा दाहशामक गुणाचे श्रेय लिनोलेइक अम्लाला देणे घाईचे ठरेल.

तेल अल्कलीबरोबर उकळले की साबण होतो, हे आपण शाळेत शिकतो. पण तेलाचा एक लहानसा भाग साबणात रूपांतरित होत नाही. या भागात बीटा-सिटोस्टेरॉल असते. त्याचा रेणू कोलेस्टेरॉलसारखाच असतो, फक्त २७ ऐवजी २९ कार्बनचा. त्यातच गॅमा-टोकोफेरॉल हे ‘ई’ जीवनसत्त्वाचे रूपही असते. प्रोस्टाग्लँडिने तयार करणाऱ्या विकराच्या कामात ते अडथळा आणते, असे पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. अर्थात हे दोन्ही पदार्थ मक्याच्या तेलातही असतात.

मग गुण तपासतात कसा? १९६२ पासून रूढ असलेली एक चाचणी आहे. समुद्रातील तांबड्या शेवाळापासून मिळणारे कॅराजीनन उंदराच्या पंजात टोचतात. काही तासांत पंजा सुजतो. तो द्रवात बुडवून किती द्रव बाजूला सरला ते मोजतात, आर्किमिडीजचीच युक्ती! निवडुंगाच्या बियांचे तेल दिलेल्या उंदरांच्या पंजाची सूज अशा चाचण्यांत कमी भरली आहे.

येथे चौकस वाचकाने विचारावे: तुलना कोणाशी केली? नुसते पाणी दिलेल्या उंदरांशी तुलना केली, तर तेलाचा गुण कळेल, निवडुंगाचा नाही. त्यासाठी उंदरांच्या आणखी एका गटाला तेवढ्याच मात्रेत करडईचे तेल द्यावे लागेल आणि दुसऱ्या एका गटाला मक्याचे.